वारलीतली माणसं ‘काड्यांची’ का?

सध्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘खरी कला म्हणजे हुबेहूब चित्र. वारली म्हणजे दोन त्रिकोण नि चार काड्या, पोरंसोरंही काढतील. भिंत सजवायची नक्षी, बाकी काही नाही.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात चुकीचं, म्हणून आधी तेच घेतो.

वारली आदिवासींच्या घरी लग्न निघालं की शेणामातीनं सारवलेल्या, गेरूनं रंगवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक, म्हणजे देवीसाठीची चौकोनी चौकट, काढतात. हातात बांबूची काडी, टोक चावून कुंचल्यासारखं केलेलं. चित्र काढतात सवाशिणी आणि चौकाच्या आत असते पालघट, सुफलतेची देवी. चौकाशिवाय परंपरेनं लग्न लागत नाही. ज्याच्यावाचून लग्न अडतं, त्याला नक्षी कसं म्हणायचं?

आता ‘हुबेहूब’. राजा रवि वर्म्यासमोर संस्थानिक बसले, त्यांना आपला चेहरा नि शालूची झळाळी हवी होती. तैलरंगांनी ती दिली. वारली माणसाला नाकडोळेच नाहीत. तो कोण यापेक्षा तो काय करतोय ते दाखवायचंय. वरचा त्रिकोण जरा कलला की पाठीवर ओझं आलं. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच बघा. नाचणाऱ्यांची वेटोळी साखळी वरून पाहिल्यासारखी, पण माणसं मात्र बाजूनं. एका जागी उभं राहून हुबेहूब काढलं असतं, तर पुढच्यांच्या आड मागचे गेले असते. इथे कुणीच लपत नाही.

राहिलं ‘पोरंसोरंही काढतील’. डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी काढलेलं मासेमारीचं जाळं जवळून पाहा. बारीक रेघांची वीण सगळीकडे पसरलेली, तरी कुठे गिचमीड नाही. बायकांच्या हातची, लग्नाच्या भिंतीवरची ही कला त्यांनी कागदावर-कापडावर आणली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे ही कला कॉफीच्या मगांवर आणि उशांच्या अभ्र्यांवरही गेली. तिथे ती नक्षीच आहे, एवढं त्या फॉरवर्डवाल्याला देऊन टाकतो.

मीही एकदा बाल्कनीतल्या कुंडीवर तारपा काढायला बसलो होतो. सगळी गंमत दोन त्रिकोणांची टोकं जिथे टेकतात तिथे असते. माझ्या हातून तिथेच रंग फुगला. शेजारची चिमुरडी बघत होती. म्हणाली, “काका, एवढे डमरू का काढलेत?”