अॅनफिल्डचं तिकीट आधी तिथल्या पोरांना द्या, मग आपल्याला

लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या अॅनफिल्ड स्टेडियमच्या तिकिटांसाठी जी सोडत (बॅलट) असते, तिच्यात परत नंबर लागला नाही म्हणून फॅन्सच्या ग्रुपवर जे रडगाणं सुरू आहे ते वाचून डोकं उठलं, म्हणून लिहितोय. मेंबरशिपचे पैसे भरूनही तिकीट नाही म्हणजे अन्याय म्हणणारे बहुतेक जण पुण्या-मुंबईत नाहीतर दुबईत बसलेत, मीही त्यातलाच, पण खरं सांगू का, आपण रांगेत शेवटीच पाहिजे.

खरी गोची वेगळीच आहे. मोठ्या इंग्लिश क्लबांत तिकीट देताना आधी बघतात की तुम्ही याआधी किती मॅचेसना गेला होतात. ऐकायला एकदम फेअर, थंडी-पावसात येणाऱ्याला पहिला मान. पण जो कधी गेलाच नाही तो जाणार कसा? नोकरीला अनुभव पाहिजे आणि अनुभवाला नोकरी, तसली गत. स्टेडियमच्या मागच्या गल्लीतलं सतरा वर्षांचं पोरगं मॅच मोबाईलवर बघतंय.

२०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलचं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंड करायचं ठरलं तेव्हा संडरलँडविरुद्धच्या मॅचला ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर गेले, २-० ची मॅच २-२ झाली, आणि मालकांनी आठवड्याच्या आत माघार घेतली. हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच वेळी ९ पौंडांची तिकिटं, १७ ते २१ वयाला सवलत आणि शहरातल्या लोकांसाठी वेगळा कोटा ठरला होता, ते कुणी बोलत नाही. आणि मँचेस्टर युनायटेडने काय केलं? नोव्हेंबर २०२४ मध्ये, चालू सीझनमध्ये, उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंड, लहान मुलांनाही सवलत नाही आणि पेन्शनरांनाही नाही! (युनायटेडवाल्यांनो, यावेळी टोमणा नाहीये, खरंच वाईट वाटलं.)

जर्मनीत बघा. डॉर्टमुंड क्लबच्या स्टेडियमच्या एकाच स्टँडमध्ये जवळपास २५ हजार लोक उभे राहून बघतात, तेही स्वस्तात. बायर्न म्युनिक तर सीझन तिकीटवाला ठरावीक मॅचेसना आला नाही तर तिकीट परत घेतं, मला हे सगळ्यात पटतं, रिकामी खुर्ची अडवून कसली निष्ठा? ड्युसेलडॉर्फच्या क्लबने तर २०२३ पासून काही मॅचेस फुकटच ठेवल्या, सोडत काढून. पहिल्याच फुकट मॅचला ०-३ वरून ४-३ ने जिंकले, त्या दिवशी पहिल्यांदा आलेलं पोरगं आता कुठं जातंय!

माझं म्हणणं एवढंच की स्वस्त तिकीट पुरत नाही, पोरांना एकत्र बसायला ब्लॉक द्या. बापाच्या ओळखीने कोपऱ्यातली एक सीट मिळाली तर पोरगं गप्प बसून येतं. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पोरगं पेठेतल्या गँगबरोबर जातं, सगळ्यांबरोबर ओरडतं, शिव्या पण तिथंच शिकतं, मग टीम जन्मभर सुटत नाही. त्या ब्लॉकमधली हजेरी पुढे तिकीट देताना मोजा, म्हणजे पंचविशीत ते आपोआप रांगेत पुढे येईल. सीट कुठून आणायच्या? न वापरलेली सीझन तिकिटं आहेत, आणि हॉस्पिटॅलिटीतल्या (जेवणासकट महागड्या सीट) थोड्या काढा, तिथं अर्धे लोक हाफटाइमनंतर जेवणातच अडकलेले असतात.

आता कमेंटमध्ये "आम्ही पण रात्री दीड वाजता जागतो" म्हणून येऊ नका. जागतो ना, पण घरात पांघरूण घेऊन, आणि दोन गोल खाल्ले की टीव्ही बंद करून झोपतो पण.