हप्ता भरून देण्याआधी कागद मागा

घरातलं कुणी गृहकर्जात अडकलं की नातेवाईक एक तर विषय टाळतात, नाहीतर भावनेच्या भरात एखादा हप्ता भरून मोकळे होतात. दुसऱ्यात चांगुलपणा आहे, मान्य. पण त्याने फार काही सुटत नाही, असं माझं ठाम मत आहे. मावसभावाच्या कर्जाचे कागद घेऊन बसल्यावर ते आणखी पक्कं झालं.

त्याची नोकरी गेली, दुसरी मिळाली ती निम्म्या पगाराची. वहिनीला सांगायलाही त्याने बरेच दिवस लावले. तिनेच मला बोलावलं. कपाटाच्या खालच्या खणात बँकेची पाकिटं पडली होती, बहुतेक फोडलेलीसुद्धा नव्हती. मी पैशांचं नाव काढलं नाही. म्हटलं, "दादा, आधी ही तारखेप्रमाणे लावूया." मुद्दल किती उरलंय, किती हप्ते थकलेत, दंड किती, व्याजदर कधी वाढला, हे एका कागदावर आलं तेव्हा तो कितीतरी दिवसांनी सलग बोलला.

कर्जाचं गणितच माणसाला खचवणारं असतं. ९ टक्के दराने २० वर्षांचं कर्ज घेतलं तर एका लाखामागे महिन्याचा हप्ता साधारण ९०० येतो. पहिल्या हप्त्यातले ७५० व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम दीडशे. पाच वर्षं इमानेइतबारे भरल्यावरही लाखातले ८८ हजारांहून जास्त बाकी असतात! निम्मं मुद्दल फिटायला जवळजवळ १४ वर्षं लागतात. हे माहीत नसलेल्याला वाटतं, आपणच कुठेतरी नालायक ठरलो. तसं नाहीये, हे त्याला आकडे मांडून दाखवायला हवं. नुसता धीर देऊन ते पटत नाही.

मग बँकेत जायचं, आणि शक्यतो हप्ता चुकायच्या आधी. स्वतःहून आलेल्या कर्जदाराशी बोलायला बँकेकडे वाव असतो: मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने फक्त व्याज भरणं, हप्ते पुढे ढकलणं. यातलं काहीही फुकट नसतं. वरच्याच उदाहरणात मुदत ३० वर्षं केली तर हप्ता लाखामागे ८०५ वर येतो, पण एकूण भरणा २.१६ लाखांवरून २.९० लाखांच्या आसपास जातो. ओढाताण तात्पुरती असेल तर हे ठीक. उत्पन्न कायमचंच घटलं असेल तर दुखणं लांबवणं आहे.

हप्ता भरायला क्रेडिट कार्ड किंवा जास्त व्याजाचं वैयक्तिक कर्ज काढू देऊ नका, पाया पडून अडवा. आणि भिडेखातर जामीन राहू नका. मूळ कर्जदार थकला की बँक जामीनदाराच्या दारात येते, तेव्हा एकाऐवजी दोन घरं अडचणीत येतात. पैसे द्यायचेच असतील तर परत आले नाहीत तरी चालतील एवढेच द्या, आणि उसने की कायमचे ते त्याच दिवशी स्पष्ट बोला. घरी जोडीदाराला सांगून द्या.

सगळ्यात अवघड बोलणं घर विकण्याचं. दादा ऐकूनच घेईना, "लोक काय म्हणतील" हे होतंच. पण स्वतः विकलं तर गिऱ्हाईक निवडता येतं, किमतीसाठी थांबता येतं. जप्ती होऊन लिलावात गेलं की बहुतेकदा भाव पडतो, आणि बऱ्याच ठिकाणी लिलावाच्या रकमेतून कर्ज पूर्ण फिटलं नाही तर उरलेलं कर्जदाराच्याच डोक्यावर राहतं. घर गेलं आणि कर्जही राहिलं, ही वेळ कुणावर येऊ नये. म्हणून वाईटपणा घेऊन मी हे बोललो, पुन्हा बोलावं लागलं तरी बोलेन.

सध्या बँकेने त्याला काही महिने कमी हप्त्याची मुभा दिली आहे. तोपर्यंत पगार सावरला नाही तर घर विकायला काढायचं, असं दोघांनी मिळून ठरवलंय. तारीख वहिनीने त्याच कागदावर लिहून ठेवली आहे.