स्क्रूजची थकबाकी

डिसेंबर लागला की समाजमाध्यमांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द दरवेळी थोडे वेगळे, मुद्दा तोच. चार्ल्स डिकन्स आणि त्याच्या काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या, इंग्रज कादंबरीकारांना गरिबांचे कैवारी म्हणणं भाबडेपणाचं आहे. श्रीमंतांनी मन मोठं करून चार पैसे वाटावेत, एवढंच त्यांचं सांगणं. कायदे, कारखाने, मालकी यांना त्यांनी हात लावला नाही. त्यांचे गरीब मुके आणि सोशिक. आणि या पुस्तकांनी केलं काय, तर सुखवस्तू वाचकाला दोन अश्रू ढाळून शांत झोपू दिलं. पुरावा म्हणून शेवटी डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल'मधल्या कंजूष स्क्रूजने आपल्या कारकुनाच्या घरी नाताळच्या जेवणासाठी पाठवलेला टर्की पक्षी.

हा आरोप चुकीचा आहे, आणि सोडून द्यावा इतका किरकोळही नाही. तो वाचून नवा वाचक ही पुस्तकं न उघडताच बाजूला ठेवतो.

आरोपामागे नाव मोठं आहे, हे मान्य. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४० साली डिकन्सवर लिहिलेल्या निबंधात म्हटलं होतं, की डिकन्सची समाजावरची टीका जवळजवळ सगळी नैतिक अंगाने जाते आणि भला श्रीमंत माणूस येऊन गोष्टी सावरतो. पण माणसं नीट वागली तर जग नीट होईल, हे म्हणणं वाटतं तितकं उथळ नाही, असंही त्याने त्याच निबंधात लिहिलं. फिरणाऱ्या मजकुरात ऑर्वेलचा पहिला अर्धा भागच शिल्लक राहिला आहे.

टर्कीपासूनच सुरुवात करू. 'अ ख्रिसमस कॅरल' डिसेंबर १८४३ मध्ये आलं. त्याच्या सुरुवातीलाच दोन गृहस्थ स्क्रूजकडे गरिबांसाठी वर्गणी मागायला येतात. स्क्रूज विचारतो, तुरुंग नाहीत का? वर्कहाउसं, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवणारी घरं, चालू आहेत ना? गरिबांचा कायदा अंमलात आहे ना? मी या संस्थांचा खर्च उचलतो, तो काही कमी नाही, ज्यांचे हाल आहेत त्यांनी तिथे जावं. तिथे जाण्यापेक्षा कित्येकजण मरण पत्करतील, असं गृहस्थ सांगतात. मग मरू देत, जास्तीची लोकसंख्या तरी घटेल, असं स्क्रूजचं उत्तर.

हे एका कंजूष म्हाताऱ्याचं खाजगी खडूसपण नाही. स्क्रूज इथे सरकारी धोरण बोलून दाखवतो आहे. गरिबांच्या १८३४ च्या नव्या कायद्याचं तत्त्वच असं होतं, की वर्कहाउसमधलं जगणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जगण्याहूनही वाईट असलं पाहिजे, म्हणजे मदत मागायला कोणी फिरकणार नाही. आणि जास्तीची लोकसंख्या हे लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते असं सांगणाऱ्या माल्थसच्या विचारातून उतरलेलं बोलणं त्या काळी चांगल्या शिकल्यासवरलेल्या लोकांच्या तोंडी होतं. पुढे कारकुनाच्या आजारी पोराचं, टिनी टिमचं, काय होणार म्हणून स्क्रूज कळवळतो, तेव्हा त्याला वाटेवर आणायला आलेलं भूत त्याचंच हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकतं. फटका स्क्रूजला बसतो तेवढाच त्या धोरणालाही बसतो.

आता शेवट. टर्की सगळ्यांच्या लक्षात राहते, कारण सिनेमात ती छान दिसते. पण त्याच सकाळी स्क्रूज आदल्या दिवशीच्या त्या वर्गणीवाल्या गृहस्थाला रस्त्यात गाठतो आणि त्याच्या कानात एक आकडा सांगतो. गृहस्थाचा श्वास अडकतो. स्क्रूज म्हणतो, यातून एक छदामही कमी नाही, यात पुष्कळशी मागची थकबाकी धरली आहे. दान देणारा माणूस थकबाकीची भाषा करत नाही. ती देणेकऱ्याची भाषा आहे. आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत तो आपल्या कारकुनाला, बॉब क्रॅचिटला, काय देतो? आठवड्याला पंधरा शिलिंगांवर राबणाऱ्या माणसाचा पगार वाढवतो. गोष्ट लिहिण्याआधी डिकन्सने खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांवरचा सरकारी चौकशी अहवाल वाचला होता. त्यावर एक पत्रक काढायचं त्याच्या मनात होतं; मग गोष्टीचा घाव जास्त खोल जाईल, असं त्याने ठरवलं. ज्या पुस्तकाचा जन्म सरकारी अहवालातून झाला, त्याला नुसत्या मनाच्या पाझराची गोष्ट म्हणायचं कसं?

दुसरा मुद्दा: कायद्यांना आणि व्यवस्थेला या मंडळींनी हात लावला नाही. डिकन्सची, एका अनाथ पोराची गोष्ट सांगणारी 'ऑलिव्हर ट्विस्ट' १८३७ पासून मासिकात येऊ लागली, म्हणजे नवा कायदा होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्यातलं वर्कहाउस कुणा दुष्ट माणसाच्या लहरीवर चालत नाही. ते चालतं कारभारी मंडळाच्या ठरावांवर. मंडळ पाणीपुरवठ्याच्या कंपनीशी अमर्याद पाण्याचा करार करतं आणि धान्यवाल्याशी ओटच्या पिठाचा, तोही अधूनमधून थोडंथोडं देण्याचा. मग दिवसातून तीन वेळा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा एक कांदा आणि रविवारी अर्धा पाव. नवराबायकोला वेगळं ठेवण्याचा नियमही तिथे येतो. ऑलिव्हर पेज आणखी मागतो तेव्हा मंडळ हादरतं, कारण पोराची भूक त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नाही. याला व्यवस्थेवरची टीका म्हणायचं नसेल, तर कशाला म्हणायचं?

तीस वर्षांनीही त्याने हा विषय सोडला नव्हता. 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मधली म्हातारी बेटी हिग्डन वर्कहाउसला इतकी घाबरते, की तिथे नेतील या भीतीने ती रस्त्यावर निघते आणि वाटेतच मरते. लोकांनी हे पात्र अतिशयोक्त ठरवलं तर काय, म्हणून १८६५ मध्ये पुस्तकाच्या शेवटी डिकन्सने स्वतःच्या नावाने टीप लिहिली आणि सतराव्या शतकातल्या स्टुअर्ट राजांच्या काळापासून इतक्या नीचपणे राबवला गेलेला दुसरा कायदा इंग्लंडमध्ये नाही, या अर्थाचं सरळ लिहून ठेवलं. 'लिटल डॉरिट'मधलं सरकारी खातं, जिथे काम कसं होऊ द्यायचं नाही याचंच शास्त्र बनवलेलं असतं, ते तर प्रसिद्धच आहे.

आणि ज्या भल्या श्रीमंतावर हा सगळा आरोप उभा आहे, त्याची डिकन्सने स्वतः कशी झडती घेतली ते पाहा. त्याच 'लिटल डॉरिट'मध्ये कॅस्बी नावाचा घरमालक आहे. लांब पांढरे केस, शांत चेहरा, चाळीतली माणसं त्याला देवमाणूस समजतात. भाडं पिळायला तो आपला वसुलीवाला पँक्स याला पाठवतो. शिव्याशाप पँक्सला, पैसा कॅस्बीला. शेवटी पँक्स भर चाळीत, भाडेकरूंच्या देखत, त्या देवमाणसाचे पांढरे केस कात्रीने कापून टाकतो. भल्या श्रीमंताची मूर्ती फोडणारं याहून स्पष्ट दृश्य मला तरी आठवत नाही. 'ब्लीक हाउस'मधल्या मिसेस जेलिबी आफ्रिकेतल्या लोकांच्या भल्याचा घोर घेऊन बसतात आणि घरातली पोरं उपाशी, अस्वच्छ फिरतात.

दान आणि देणं यांतला फरक सर्वांत बारकाईने दाखवला तो एलिझाबेथ गॅस्केलने. ती मँचेस्टरमध्ये राहायची, नवरा युनिटेरियन पंथाचा धर्मोपदेशक, गिरणी कामगारांची घरं तिने आत जाऊन पाहिलेली. तिची पहिली कादंबरी 'मेरी बार्टन' १८४८ साली लेखिकेच्या नावाशिवाय निघाली. तिच्यात दोनदा दिल्या जाणाऱ्या पाच-पाच शिलिंगांकडे आरोप करणाऱ्यांनी एकदा नीट पाहावं.

कार्सनची गिरणी जळते. विमा असल्यामुळे मालकाला घोर नाही. कामगार मात्र रस्त्यावर येतात. त्यातला एक, डेव्हनपोर्ट, बेरी स्ट्रीटच्या एका तळघरात तापाने पडलेला आहे. खिडक्यांच्या फुटक्या काचांत चिंध्या कोंबलेल्या. विटांच्या जमिनीतून रस्त्यावरची घाण पाझरून वर येते आहे आणि त्या ओलीवर लहान पोरं लोळताहेत. मेरीचा बाप जॉन बार्टन, जो स्वतःही गिरणी कामगार आहे, तो हे पाहून घरी जातो, आपला बरा कोट आणि लाल-पिवळा रेशमी रुमाल घेतो, गहाणवटीच्या दुकानात ठेवतो. हातात पाच शिलिंग पडतात. त्यातून पोरांसाठी खायला, मेणबत्त्या, कोळसा.

दुसऱ्या दिवशी त्याचा मित्र विल्सन मालकाच्या बंगल्यावर जातो, डेव्हनपोर्टला इस्पितळात दाखल करण्याची चिठ्ठी मागायला. तुमच्याकडे तीन वर्षांहून जास्त काम केलेला माणूस आहे, असं सांगतो. कार्सन म्हणतो, असेल. माझ्याकडे राबणाऱ्यांची नावं मला ठाऊक असतातच असं नाही, ते मुकादमाचं काम. दाखल करण्याऐवजी बाहेरच्या रोग्यासाठीची चिठ्ठी देतो, तीही सोमवारची. तेवढ्यात धाकटा मालक हॅरी न्याहारी संपवून उठतो, जाता जाता खिशातून पाच शिलिंग काढून विल्सनच्या हातात ठेवतो आणि घोड्यावर बसून निघून जातो. डेव्हनपोर्ट सोमवारपर्यंत जगत नाही.

रक्कम तीच. एकाने आपल्याजवळचं होतं-नव्हतं ते दिलं, दुसऱ्याला दिल्याचं जाणवलंही नाही. आणि ज्याने तीन वर्षं त्याच्या श्रमावर गिरणी चालवली, त्याला त्याचं नावही माहीत नाही. गॅस्केल इथे भाषण करत नाही. पण श्रीमंताचं दान पुरेसं आहे असं जर या कादंबरीचं म्हणणं असतं, तर हॅरीचे पाच शिलिंग त्या माणसाला वाचवायला हवे होते.

तिची नंतरच्या काळातली कादंबरी 'नॉर्थ अँड साउथ' (१८५४-५५). शेवटीशेवटी गिरणीमालक थॉर्न्टन आणि कामगार मिळून एक सामाईक भोजनघर चालवू लागतात. मिस्टर बेल नावाचा सुखवस्तू गृहस्थ खूश होऊन दहा पौंडांची नोट देऊ करतो. थॉर्न्टन नको म्हणतो: कामगार मला चुलीचं आणि जागेचं भाडं देतात, याचं धर्मादाय काम होऊ नये, मला देणग्या नकोत. आरोपाचं उत्तर इतक्या उघड शब्दांत पुस्तकातच दिलेलं आहे.

गरीब मुके आणि सोशिक, हा तिसरा मुद्दा. 'ब्लीक हाउस'मध्ये मिसेस पार्डिगल धर्माची पुस्तकं घेऊन वीटभट्टीवाल्याच्या झोपडीत शिरते, तेव्हा तो जमिनीवर पडल्यापडल्या तिचे सगळे प्रश्न आधीच विचारून टाकतो. माझी पोरगी कपडे धुते का? धुते. ते पाणी बघा, त्याचा वास घ्या. जागा घाण आहे? आहे. पाच पोरं झाली, सगळी तान्हेपणीच मेली, आणि ते त्यांच्यासाठीही बरं आणि आमच्यासाठीही. याला सोशिक म्हणणारा वाचक त्या झोपडीपर्यंत पोचलेलाच नाही.

'नॉर्थ अँड साउथ'मधली बेसी हिग्गिन्स एकोणीस वर्षांची आहे आणि मरायला टेकली आहे. कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजण्याच्या, खात्यातले तंतू छातीत जाऊन बसले. ती सांगते, काही ठिकाणी धूळ बाहेर ओढणारं मोठं चाक असतं, पण त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि त्यातून नफा काही येत नाही, म्हणून थोडेच मालक बसवतात. आणि पुढे याहून भयंकर: काही कामगारांनाच ते चाक नको होतं, कारण कापूस गिळायची इतकी सवय झालेली, की तो पोटात गेला नाही तर जास्त भूक लागते, चाक बसवायचं तर मजुरीही वाढवा. मुंबईच्या गिरण्यांत कार्डिंगला आयुष्य काढलेल्या माणसांच्या घरात हे फोड करून सांगायची गरज पडणार नाही. बेसीच्या आजाराचं कारण दुष्ट मालक नाही. चाकाची किंमत आणि नफ्याचा हिशेब, हे कारण आहे. तिचा बाप निकोलस युनियनचा माणूस आहे आणि गॅस्केल त्याला वाद घालायला पुरेपूर जागा देते. 'मेरी बार्टन'चा नायकही मुलीआधी बापच होता. जॉन बार्टन हेच नाव तिने पुस्तकाला द्यायचं ठरवलं होतं. हा सोशिक नायक चार्टिस्ट, म्हणजे कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या चळवळीतला, आहे, आणि त्याच्या हातून मालकाच्या पोराचा खून होतो.

आरोपात खरं काही आहे का? आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ऑलिव्हरला शेवटी मिस्टर ब्राउनलोच पोटाशी घेतात. 'मेरी बार्टन'ची माणसं कॅनडाला निघून जातात. मँचेस्टरमध्ये त्यांना जगण्याजोगी जागा लेखिकेला सापडत नाही. 'हार्ड टाइम्स'मधला युनियनचा पुढारी स्लॅकब्रिज हे निव्वळ विडंबन आहे आणि तिथे डिकन्सने कामगारांवर अन्यायच केला, असं मी म्हणेन. त्याच कादंबरीत रेचेल या कामगार बाईच्या धाकट्या बहिणीचा हात यंत्रात सापडून तुटल्याचा मजकूर होता. तो छापण्यापूर्वी वगळला गेला. ती वगळणूक मला आजही सलते. एकजुटीने हक्क मिळवणारा कामगार रंगवणं यांच्यातल्या बहुतेकांना झेपलं नाही. पण उपाय अपुरा सुचणं वेगळं आणि रोगाचं निदानच न करणं वेगळं. फिरणारा मजकूर या दोन्हींची गल्लत करतो.

राहिला वाचकांना शांत झोपवण्याचा मुद्दा. 'मेरी बार्टन' आल्यावर मँचेस्टरचे मालक चिडले. स्वतः गिरणीमालक असलेल्या डब्ल्यू. आर. ग्रेगने १८४९ मध्ये 'एडिनबरो रिव्ह्यू'त तिच्यावर लांबलचक टीका केली. डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' साप्ताहिकात १८५४ पासून हेन्री मॉर्लीने उघड्या यंत्रांत सापडून मरणाऱ्या कामगारांवर लेख लिहिले. यंत्रांना कुंपण घालण्याचा कायदा १८४४ चाच होता, मालक तो पाळत नव्हते. उलट त्या कायद्याविरुद्ध लढण्यासाठी त्यांनी आपली संघटना काढली. डिकन्सच्या साप्ताहिकाने तिचं नाव ठेवलं, 'कामगारांचा चेंदामेंदा करणारी संघटना'. मग १८५५ मध्ये लेखिका हॅरिएट मार्टिनोने डिकन्सवर तुटून पडणारी एक पुस्तिका लिहिली, आणि ती छापली याच गिरणीमालकांच्या संघटनेने.