खड्ड्याच्या उजव्या बाजूला उभा राहा

नववीत गेलास, अभिनंदन! आता पहिली गोष्ट मनाला पटवून घे : तुला दुपारी भूक लागत नाही. पोषण आहाराची खिचडी पहिली ते आठवीसाठी असते. आठवीचा निकाल लागला त्या दिवशी सरकारच्या हिशेबी तुझी भूक मिटली. स्वयंपाकाची खोली मात्र नववी 'ब'च्या भिंतीला खेटून आहे. त्यामुळे बाराच्या सुमारास फोडणीचा चुर्र आवाज आणि पाठोपाठ वास, हे दोन्ही तुला दहावीपर्यंत फुकट मिळत राहील. भूमितीचा तास नेमका तेव्हाच असतो. वहीत आधी 'पक्ष' लिहायचा, मग 'साध्य'. साध्य भिंतीपलीकडे शिजत असतं.

मी याच शाळेत सहा वर्षं काढली, माझ्या मागून दोन चुलतभावांनी काढली, आता भाचा काढतोय. शाळेचं नाव सांगत नाही. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागे जी शाळा असते, जिच्या कमानीवर संस्थापकांचं नाव शाळेच्या नावापेक्षा मोठं असतं, ती. बाजाराच्या दिवशी हजेरी निम्मी. उसाचा हंगाम लागला की कर्णे लावलेला ट्रॅक्टर पुढे गेल्याशिवाय इंग्रजीची कविता पुढे जात नाही. इथे नुसत्या अभ्यासावर निभत नाही. अभ्यास काय, संध्याकाळी क्लासला होतोच. शाळेत उपक्रम होतात, आणि त्यांत टिकायचं कसं हे पाठ्यपुस्तकात छापलेलं नाही, म्हणून हा खटाटोप.

जुलैत वृक्षारोपण असतं, तिथपासून सुरुवात करू. त्यासाठी नवा खड्डा खणत नाहीत. मैदानाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ, एक खड्डा आहे. माझ्या वेळी त्यात गुलमोहर लागला, थोरल्या चुलतभावाच्या वेळी करंज, मग कडुनिंब, मग परत करंज. झाडं आली नि गेली, खड्डा टिकला. रोप एक आणि त्याला लागलेले हात अठरा : अध्यक्षसाहेब, दोन संचालक, मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, हरित सेनेचे सर, शिवाय अध्यक्षसाहेबांबरोबर सहज आलेले तिघे. रोपाला स्वतःची पानं दिसत नाहीत. अशा वेळी तू खड्ड्याच्या उजव्या बाजूला उभा राहा आणि हातात झारी धर. डाव्या बाजूला सकाळचं ऊन थेट तोंडावर येतं, डोळे मिटलेले येतात. माझे तीनही वर्षांच्या फोटोत मिटलेले आहेत. समोर उभा राहिलास तर फोटो काढणारे सर "ए, हो बाजूला" म्हणतात. झारीत पाणी नसलं तरी बिघडत नाही. वाकडी धरायची, बस्स.

हल्ली फोटोवर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटवणारं ॲप आलंय. त्यामुळे ओळीने तीन वर्षांची तीन झाडं एकाच अक्षांश-रेखांशावर लागली आहेत, हे आता पुराव्यानिशी दाखवता येतं. दाखव म्हणून कुणी मागत नाही, ते सोड.

दुसऱ्या दिवशी शेळी येते. फाटक बंद असतं, पण त्याचा एक गज वाकलेला आहे आणि तो रस्ता शेळीला व दहावीच्या मुलांना साधारण एकाच सुमारास सापडला. शेळीवर रागावू नकोस. पुढच्या जुलैला खड्डा मोकळा लागतो, आणि ती जबाबदारी शाळेत दुसऱ्या कुणाकडे सोपवलेली नाही.

परिपाठात पुढे उभं राहायची पाळी आली तर डगमगू नको. राष्ट्रगीत, 2023 पासून राज्यगीतही, मग प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, शेवटी मौन. एवढं सगळं पहिल्या तासाची घंटा व्हायच्या आत बसवायचं असल्याने वेग लागतो. प्रतिज्ञा मूळ तेलुगूत, 1962 साली लिहिली गेली. आपण ती ज्या वेगाने म्हणतो त्या वेगाने ऐकली तर अजून तेलुगूच वाटेल. बातम्या कालच्या पेपरातल्या वाच, कारण आजचा पेपर मुख्याध्यापकांकडे असतो. सुविचाराच्या फळ्यावर जूनमध्ये लिहिलेला 'वेळेचे महत्त्व ओळखा' दिवाळीपर्यंत पुसू नये. अक्षर चांगलं आलंय.

भाषणाचं मात्र नीट ऐक, कारण ते तुला उभ्या आयुष्यात पुरेल. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतपणे ऐकून घ्याल अशी मी अपेक्षा करतो." हे म्हणेपर्यंत निम्मं भाषण झालेलं असतं. 1 ऑगस्टला त्याचा कस लागतो. 1920 साली याच तारखेला लोकमान्य टिळक गेले आणि याच तारखेला अण्णा भाऊ साठे जन्मले. म्हणजे एकाच सकाळी एक पुण्यतिथी, एक जयंती, आणि टेबलावर हार घातलेल्या दोन तसबिरी. वक्ते मात्र जुनेच असतात. त्यांच्यापैकी चौघे शेंगांची गोष्ट सांगतात : मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. अण्णा भाऊंच्या वाट्याला जो पाचवा येतो तो "शाळेत दीडच दिवस गेले" या वाक्यापर्यंत व्यवस्थित येतो आणि तिथे थांबतो, कारण पुढचं वाक्य वहीत आहे आणि वही वर्गात. समोरच्या रांगेतून टाळ्या पडतात. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस एवढं लिहून गेला, हे सहा वर्षं शाळेत बसलेल्यांना उन्हात उभं करून सांगायचं, यात काही विसंगती आहे असं तुला वाटलं तर वाटू दे, हात वर करू नकोस. शेवटी गोळ्या वाटतात. मग मैदानभर गोळ्यांचे कागद पडतात, आणि "टरफलं उचलणार नाही" हा बाणेदारपणा इतक्या खोलवर रुजलेला असतो की एकही पोरगं वाकत नाही. शिपाई मामा वाकतात. त्यांना भाषण ऐकू आलेलं नसतं. ते खुर्च्या लावत होते.

विज्ञानाकडे वळू. प्रयोगशाळा आहे, कुलूपही आहे. किल्ली विज्ञानाच्या सरांकडे असते आणि सर निवडणुकीच्या कामाला असतात, किंवा कसल्या तरी सर्वेक्षणाला, किंवा प्रशिक्षणाला. यात सरांचा दोष नाही; त्यांना शिकवायला आवडतं असं मी स्वतः दोनदा पाहिलंय. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, 1928 साली त्या दिवशी रामन यांनी आपला शोध जाहीर केला म्हणून. त्या दिवशी प्रयोगशाळेचं दार उघडून आत झाडलोट होते, काचेच्या बरण्या पुसून परत कपाटात जातात, आणि जाळीतून आत बघू देतात.

तरीही प्रयोगवही पूर्ण झालीच पाहिजे, आणि ती होते. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग घे. माझ्या वहीत उत्तर 10.2 सेंटिमीटर आलं. ते मी काढलं नव्हतं, शेजारच्या दादाच्या वहीतून घेतलं होतं आणि त्याने त्याच्या आत्तेभावाच्या. परवा भाच्याची वही चाळली. 10.2. जगात कितीतरी गोष्टी बदलल्या, भिंग दोनदा फुटून नवं आलं, पण आमच्या शाळेत नाभीय अंतर हलत नाही. एकदा एका नव्या मुलाने सरांच्या मागे लागून खरोखर खिडकीतल्या झाडाची प्रतिमा पांढऱ्या कागदावर घेतली, पट्टी लावली, तर 14.7 आलं. उलटं झाड, उलटी खिडकी, त्यातून उलटी जाणारी एसटी. आम्ही सगळे त्या कागदाभोवती जमलो आणि तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही. वही तपासताना सरांनी लाल पेनाने 14.7 खोडून 10.2 केलं. बाहेरून परीक्षक येतात, सगळ्या वह्या जुळल्या पाहिजेत. तेव्हा पट्टी लावायच्या भानगडीत पडू नको.

प्रदर्शनासाठी तर डोकं अजिबात चालवू नये. ज्वालामुखी ठरलेला आहे : मातीचा ढीग, आत बाटली, बाटलीत खायचा सोडा, वरून व्हिनेगर, लाल रंग. दुसरा पर्याय इंजेक्शनच्या सिरिंजवर हलणारा जेसीबी. 'पाणी अडवा, पाणी जिरवा'ची थर्माकोलची प्रतिकृती ग्रंथालयाच्या कपाटावर तयार आहे, फक्त विद्यार्थ्याच्या नावाची चिठ्ठी बदलायची. शाळेच्या नळाला दिवसाआड पाणी येतं, प्रतिकृतीच्या नळाला रोज.

आता गुण. भाषेच्या विषयात 80 लेखी आणि 20 तोंडी, प्रकल्प, स्वाध्याय यांचे. हे 20 शाळेच्या हातात असतात, आणि शाळेचा हात उदार आहे. प्रकल्पाचा विषय 'माझ्या परिसरातील पाण्याची समस्या' असा घ्यावा. समस्या सुटत नसल्यामुळे प्रकल्प जुना होत नाही. उतरवून घेताना एकच काळजी घे. आमच्या वर्गात एकाने ऋणनिर्देशासकट सगळं उतरवलं आणि शेवटी "माझी ताई हिने आकृत्या काढून दिल्या" असंही लिहिलं. त्याला ताई नव्हती. गुण 20 पैकी 18 पडले. दोन अक्षरासाठी गेले.

चित्रकलेचा तास वर्षभर गणिताचे सर घेतात, पण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना बस. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी आली तर दहावीला 7 गुण वाढतात, 'ब'ला 5, 'क'ला 3. हे कळलं की घरात काय होतं ते बघण्यासारखं असतं. कालपर्यंत "ही रिकामटेकड्यांची कामं सोड" म्हणणारे वडील स्वतः पोस्टर कलरची पेटी घेऊन येतात आणि स्थिरचित्रासाठी आईचा पितळी तांब्या मागतात. तांब्या, दोन वांगी, मागे घडी पडलेली चादर. वांगी संध्याकाळपर्यंत भाजीत जातात, तेवढ्यात छायाभेद उरकायचा.

सहल, शिक्षक दिन, आनंद बाजार यांवर फार बोलत नाही. सहलीला एसटीची लालपरी प्रासंगिक करारावर येते, रायगड ठरतो आणि वाटेतल्या बागेत तीन तास जातात. 5 सप्टेंबरला तू एक दिवस मुख्याध्यापक होशील. खुर्चीत बस, चहा पी, पण कशावर सही करू नकोस, खरे मुख्याध्यापकही जपून करतात. आनंद बाजारात भेळेचा गाळा लाव. आईने चिरलेला कांदा, बाबांनी आणलेली शेव, आजीची चिंचेची चटणी, म्हणजे भांडवल शून्य. सगळे मिळून 340 रुपये आले की तुला व्यवसाय कळला असं प्रमाणपत्र मिळतं.

गॅदरिंगला थोडा वेळ देतो. एक शेतकरी नृत्य, एक कोळीगीत, एक देशभक्तीपर, ज्यात शेवटी सगळ्यांनी मिळून तिरंग्याच्या रंगाच्या ओढण्या पसरायच्या. तालीम शाळा सुटल्यावर असते. शाळेत नाच ज्यांना खरोखर येतो त्यातल्या निम्म्या मुली वाड्या-वस्त्यांवरून येतात. त्यांना एसटीचा पास मोफत आहे, ही सोय खरंच चांगली आहे. गाडी मात्र पाच दहाची एकच. तालीम पाचला सुरू होते. त्यामुळे नाचात स्टँडजवळ राहणाऱ्या मुली असतात आणि बाहेरगावच्या मुलींचं कौतुक "यांना अशा गोष्टींची आवड कमी" या शब्दांत होतं. तू मुलगी असशील आणि तुझी गाडी पाच दहाची असेल, तर तुला आवड कमी आहे एवढं लक्षात ठेव.

शेलापागोटे अजून होतात. चिठ्ठ्यांच्या डब्यातून कुणीतरी तुझी उंची, रंग, बोबडेपणा किंवा तुझ्या वडिलांची टपरी यावर यमक जुळवलेलं असेल. सूत्रसंचालक ते माइकवर वाचतील, अध्यक्षसाहेबही हसतील. तूही हस. न हसणाऱ्याला खिलाडूवृत्ती नाही असं म्हणतात, आणि खिलाडूवृत्तीचा शेरा प्रगतिपुस्तकात असतो. आमच्या वर्गातला एक जण दुसऱ्या दिवसापासून शाळेत आलाच नाही. नंतर तो गॅरेजमध्ये दिसायचा. गॅदरिंग यशस्वी झाल्याची बातमी फोटोसह आली होती; दुसऱ्या रांगेत तोही आहे, हसतोय.

दहावीचं सोपं आहे. 100 पैकी 35 हवेत, आणि टक्केवारी काढताना सहा विषयांतले चांगले पाच धरतात, म्हणजे एका विषयाशी वैर घ्यायची सरकारी मुभा आहे. कॉपीमुक्तीची शपथ परिपाठाच्या जागी उभं राहून घ्यायची. उजवा हात पुढे, फोटो होईपर्यंत खाली आणू नये. भरारी पथकाची गाडी नाक्यावर आली की चहावाला शिट्टी मारतो, मग खिडक्यांखालची माणसं पांगतात आणि वर्गात अशी शांतता पसरते की प्रश्नपत्रिका वाचता येते. वाचून बघ. बऱ्याचदा दोन-तीन प्रश्न येत असतात.

त्याआधी निरोप समारंभ होईल. वर्गणी काढून शाळेला भेट द्यायची पद्धत आहे आणि भेट म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. खाली लाल अक्षरांत बॅचचं वर्ष. कार्यालयाबाहेरच्या बोळात अशी अकरा घड्याळं ओळीने लावली आहेत. आमचं चौथं, ते सव्वासातला थांबलंय. त्याच्या शेजारचं पावणेतीनला. एक अजून चालतं, पण ते चाळीस मिनिटं पुढे आहे, म्हणून घंटा देताना मामा स्वतःच्या मनगटाकडे बघतात. तुम्हीही घड्याळच द्या. पंखा द्यायचा विचार कुणी काढला तर हाणून पाडा, पंख्यावर वर्ष लिहिलेलं वाचता येत नाही. आणि घड्याळात सेल घालून देऊ नका. सेलसाठी रीतसर अर्ज गेलेला आहे.