एक्सेलचं अंगण वाकडं नाही
एम.फार्म.च्या प्रबंधांचा हंगाम आला की हा मेसेज फिरतोच: ‘फार्माकोकायनेटिक्स एक्सेलवर होत नाही. हाफ-लाइफ चुकते, मॉडेल बसवता येत नाही, एफडीए मानत नाही. महागडं सॉफ्टवेअरच घ्या.’ (फार्माकोकायनेटिक्स म्हणजे शरीरातलं औषध वेळेनुसार कसं वाढतं-घटतं याचा हिशेब; एफडीए म्हणजे अमेरिकेची औषध नियामक संस्था.)

आधी हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ. समजा, शिरेतून औषध दिलं आणि 1, 3 व 5 तासांनी प्लाझ्मात दर लिटरला 8, 4 आणि 2 मिलिग्रॅम सापडलं. दर दोन तासांनी निम्मं, म्हणजे हाफ-लाइफ 2 तास. हे तोंडीच सांगता येतं. आता एक्सेल उघडा. घाईत ‘लॉग’ फंक्शन वापरलंत तर ते 10 पायाचं लॉग देतं. लॉग आणि वेळ यांच्या रेषेचा उतार 0.1505, आणि 0.693 ला (2 च्या नैसर्गिक लॉगला) त्याने भागलं की हाफ-लाइफ 4.6 तास! नैसर्गिक लॉग देणारं ‘एलएन’ वापरा: उतार 0.3466, उत्तर 2. एक्सेलने सांगितलं तेच केलं हो.

एयूसीचंही, म्हणजे औषधाच्या आलेखाखालच्या क्षेत्रफळाचंही तसंच. वरच्या उदाहरणात 3 तासांचं सॅम्पल हुकलं, तर 1 ते 5 तासांमधलं क्षेत्रफळ सरळ रेषेच्या नियमाने 20 येतं, लॉग नियमाने 17.3. विननॉनलिन या विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही हे दोन्ही नियम पर्याय म्हणून असतात. न बघता पुढे गेलात तर चूक तिथेही होते, फक्त छापील अहवालात देखणी दिसते.

मॉडेल, म्हणजे आकड्यांना जुळणारं समीकरण, बसत नाही? एक्सेलमधलं सॉल्व्हर हे जुळणारी उत्तरं शोधणारं साधन कशाला आहे मग? सुरुवातीचे अंदाज बरे द्या आणि वेटिंग (कोणत्या आकड्याला किती महत्त्व द्यायचं ते) विसरू नका, नाहीतर मोठे आकडे शेवटच्या लहान आकड्यांना गिळून टाकतात. एवढंही नको असेल तर चीनमधल्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेलं पीकेसॉल्व्हर हे फुकट ॲड-इन आहे.

एफडीएचा मुद्दा अर्धा खरा. कुणी, कधी, कोणता आकडा बदलला याची नोंद इलेक्ट्रॉनिक नोंदींबद्दलच्या 1997 च्या पार्ट 11 नियमांना लागते. साध्या शीटमध्ये ती नसते. बायोइक्विव्हॅलन्सचं (दोन औषधं शरीरात सारखीच पोचतात हे दाखवणारं) फायलिंग साध्या शीटवर करू नका. पण विकत घेतलेलं सॉफ्टवेअरही व्हॅलिडेट करावंच लागतं (ते बरोबर चालतं हे तपासून दाखवावं लागतं), आणि तुमचा प्रबंध काही एफडीएकडे जात नाही.

एक्सेल खरोखर थकतं ते पॉप्युलेशन फार्माकोकायनेटिक्समध्ये: शेकडो रुग्ण, प्रत्येकाची दोन-तीनच सॅम्पल्स. मेसेजमध्ये नेमका याचाच उल्लेख नाही. तिथे मी ‘आर’ ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा वापरतो. तेही फुकटच आहे.