‘चिरीसन काय भेटी?’ : पोस्टमॉर्टेमविरुद्ध फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या गावकीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं सार असं : पोस्टमॉर्टेमच्या नावाखाली किडन्या आणि डोळे काढून विकतात. मरणाचं कारण डॉक्टरला आधीच माहीत असतं, आणि सीटी-एमआरआयच्या काळात चिरफाड हवीच कशाला? मेलेला माणूस काही परत येत नाही. म्हणून पोलिसांना ‘आमची तक्रार नाही, पीएम नको’ असं लिहून द्या आणि बॉडी ताब्यात घ्या. खाली कुणीतरी अहिराणीत जोडलं आहे : ‘मरी गया, आते चिरीसन काय भेटी?’ म्हणजे, मेला, आता चिरून काय मिळणार?

मेसेज पुढे पाठवणारी आपलीच माणसं आहेत. घरी बाया रडत बसलेल्या असताना सिव्हिलच्या आवारात तासन्‌तास ताटकळणं काय असतं, हे त्यांना माहीत आहे. त्यांचा राग मला कळतो. पण मेसेजमधली जवळपास प्रत्येक गोष्ट चुकीची आहे, आणि त्याचं नुकसान आपल्यालाच होतं.

किडनीचं आधी. रोपणासाठी किडनी किंवा यकृत काढायचं तर त्यात रक्त खेळतं असावं लागतं, नाहीतर रक्त थांबल्यापासून काही मिनिटांत ते काढून थंड करावं लागतं. म्हणूनच अवयवदान होतं ते बहुतेक वेळा व्हेंटिलेटरवरच्या मेंदूमृत रुग्णाचं, तेही 1994 च्या कायद्यानुसार आणि नातेवाइकांच्या संमतीने. शवागारात कित्येक तास पडलेल्या देहातली किडनी कुणाच्याच कामाची नसते. डोळ्याचं बुबुळ साधारण सहा तासांपर्यंत घेता येतं, पण ते नेत्रदान झालं, पीएम नव्हे. ही अफवा येते कुठून, याचा मला अंदाज आहे. विषबाधेचा संशय असला की जठर, आतड्याचा तुकडा, यकृताचा भाग आणि किडन्यांचे अर्धे भाग मिठाच्या संपृक्त पाण्यात बाटलीबंद करतात आणि सील करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवतात. पेपरात ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असं छापून येतं ते हेच. नातेवाइकांना बाटल्या दिसतात, पण त्या कशासाठी हे त्यांना कुणी नीट सांगत नाही. ते सांगायलाच हवं.

आता ‘कारण माहीतच असतं’ हा दावा. देशात 2020 साली नोंदवलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू होते 22.5 टक्के. जिथे दाखला असतो तिथेही ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं लिहिलेलं किती वेळा दिसतं! हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं. ते का बंद पडलं, हा खरा प्रश्न. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयाने 1960, 1970 आणि 1980 या वर्षांतली प्रत्येकी शंभर शवविच्छेदनं तपासली. दर दहांतल्या सुमारे एका रुग्णाचा असा मोठा आजार निसटला होता, की तो वेळेत कळता तर कदाचित माणूस आणखी जगला असता. मधल्या वीस वर्षांत नवनवी यंत्रं आली, तरी हे प्रमाण घटलं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये 2021 पासून सीटी स्कॅन वापरून शवविच्छेदन होतं. मोडलेली हाडं, बंदुकीची गोळी त्यात छान दिसते. पण पोटातलं कीटकनाशक दिसत नाही आणि फुप्फुसातला जंतू कोणता तेही कळत नाही. त्यासाठी शरीरातला नमुनाच लागतो.

‘मेलेला परत येत नाही.’ खरं आहे. पण त्याचा भाऊ घरी आहे, बहीण आहे. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. धडधाकट दिसणारा तरुण अचानक दगावतो आणि सिकलसेलचा पहिला पुरावा शवविच्छेदनातच मिळतो, असंही घडतं. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकारही असाच लपून राहतो. देह न उघडता नेला, तर मागे राहिलेल्या भावंडांची तपासणी करा असं सांगणार कोण? मग व्यायामशाळेत किंवा गरब्यात कोसळलेल्या पोराच्या मरणाचं कारण ग्रुपवरच ठरतं.

मृतदेह तपासल्याने जिवंतांचाही फायदा होतो. काळा आजार या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाचा ताप कित्येक वर्षं मलेरियाच्या खात्यात जमा होत होता. 1903 साली मद्रासमध्ये डॉक्टर चार्ल्स डोनोव्हन यांना मृत रुग्णांच्या प्लीहेत (पोटातल्या पाणथरीत) त्याचा परजीवी दिसला. मग तोच त्यांनी जिवंत रुग्णात शोधून दाखवला.

आपल्याकडच्या मे महिन्याचंच बघा. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत मजूर कोसळतो. पेपर ‘उष्माघाताचा बळी’ म्हणतो, सरकारी यादीत नाव येत नाही. उष्माघाताची अशी एकच ठाम खूण शरीरात सापडत नाही, हे इथे मान्य करायला हवं. त्या दिवसाचं ऊन, तो करत असलेलं काम, सापडला तेव्हाचं अंगाचं तापमान आणि हृदयविकार किंवा मेंदूतला रक्तस्राव नव्हता याची खात्री, हे सगळं जुळवावं लागतं. ती खात्री पीएममधून मिळते. नाहीतर उन्हाने किती मजूर जातात हे कधीच कळणार नाही, आणि दुपारची कामं थांबवा असं सांगायला हातात आकडा नसेल. फवारणीचंही तसंच. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. कपाशी आपल्याकडेही आहे. औषध कोणतं होतं, हे व्हिसेऱ्यातूनच कळतं.

सातपुड्यात, धडगाव-मोलगीच्या पाड्यांवरून प्रत्येक देह रुग्णालयात आणणं शक्य नाही. तिथे घरच्यांना नीट विचारून मरणाचं कारण शोधण्याची पद्धत उपयोगी पडते. अशाच मुलाखतींतून 2020 साली देशाचा अंदाज पुढे आला : 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 मृत्यू. रुग्णालयांच्या नोंदी त्याच्या आसपासही नव्हत्या.

शेवटी ‘लिहून द्या’ हा सल्ला. आत्महत्या, अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पंचनामा आणि तपास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 प्रमाणे होतो. मरणाच्या कारणाविषयी शंका असेल तर तिथे नातेवाइकांच्या संमतीवर पीएम अवलंबून नसतं. संमती लागते ती रुग्णालयात आजाराने गेलेल्याच्या वैद्यकीय शवविच्छेदनाला. आणि शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला गोपीनाथ मुंडे योजनेतून जे दोन लाख मिळतात, त्यासाठी बहुतेक प्रकारांत पीएमचा अहवाल मागतात. नको म्हणून देह नेला, तर पुढे त्याच्या कागदांसाठी त्याच्या बायकोला तहसीलच्या चकरा माराव्या लागतात.

भांडायचंच असेल तर यासाठी भांडा : ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदनगृहाला दिवे, पाणी आणि शीतपेटी हवी. व्हिसेऱ्याचा अहवाल महिनोन्‌महिने अडू नये. नातेवाइकांना बसायला सावली हवी. जिथे सोय आहे तिथे सूर्यास्तानंतरही पीएम करायला केंद्राने 2021 मध्येच मुभा दिली आहे. खून, आत्महत्या, बलात्कार किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणं आणि कुजलेले देह एवढे त्यातून वगळले आहेत. आपल्या तालुक्यात ती सोय आहे का, हे ग्रामसभेत विचारा. आणि घरात असा प्रसंग आलाच, तर अहवालाची प्रत मागून घ्या. व्हिसेरा पाठवला असेल तर कुठल्या तारखेला, कुठल्या प्रयोगशाळेत, हे लिहून घ्या आणि ती प्रत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.