दीड किलो मटण कचऱ्यात गेलं, त्याबद्दल

परवा रविवारी माझ्या धाकट्या जावेने दीड किलो मटण कचऱ्यात टाकलं. बुधवारी सकाळी खाटकाकडून आणलेलं, चांगलं मांडीचं, फ्रीजरमध्ये दगडासारखं गोठलेलं. तिच्या मोबाइलवर एक मेसेज आला, तो वाचून ती घाबरली आणि पोरांच्या पोटात काही जायला नको म्हणून तिने पिशवीच उचलून बाहेर नेली. मी तिला एका शब्दाने बोलले नाही, कारण भीती पोरांसाठी होती. त्या मेसेजला मात्र उत्तर द्यायला हवं. नाशिकच्या सिडकोत, सातपूरला, इंदिरानगरला आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत. दोघंही कामावर, त्यात अंबडच्या कंपनीतली शिफ्ट. महिन्यातून दोनदा मटण-चिकन एकदम आणून, निवडून, पाकिटं करून ठेवली नाहीत तर आठवडा निभत नाही.

मेसेजमध्ये चार गोष्टी आहेत. फ्रीजरमध्ये चोवीस तासांच्या वर ठेवलेलं मांस विषारी होतं, जंतू आतल्या आत वाढत राहतात. गोठवलं की सत्त्व निघून जातं. शिजवून ठेवलेलं पुन्हा गरम केलं की कॅन्सर होतो, आणि हे म्हणे जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय. शेवटी, आपल्या आज्यांनी रोज ताजं रांधून घातलं, आजच्या बायकांना कंटाळा आहे.

पहिलं विषाचं. उणे १८ अंशांना जंतूंची वाढ थांबते. ते मरत नाहीत, बर्फात निपचित पडून राहतात, पण वाढतही नाहीत. चोवीस तासांची धास्ती घ्यायचीच असेल तर ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यातल्या कच्च्या चिकनबद्दल आणि खिम्याबद्दल घ्यावी. तिथे ४-५ अंश असतात आणि ते एक-दोन दिवसांत संपवायलाच हवं. मटणाचे तुकडे तीन दिवस चालतात. फ्रीजरमध्ये नीट गोठलेलं मांस महिनोन्महिने खाण्याजोगं राहतं, फक्त चव हळूहळू उतरते. मी खिमा तीन महिन्यांत संपवते आणि शिजवलेलं दोन महिन्यांत. प्रत्येक पाकिटावर पट्टी चिकटवून तारीख लिहायची, म्हणजे अंदाज बांधत बसावं लागत नाही.

खरा धोका फ्रीजरमधून बाहेर काढल्यावर सुरू होतो, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. आमच्याकडे आजवर काय चालायचं ते सांगते. सकाळी सातला ड्यूटीला जाताना पिशवी ओट्यावर काढून ठेवायची आणि चारला आल्यावर फोडणी टाकायची. एप्रिल-मेमध्ये नाशिकला पारा चाळिशीला टेकतो. पिशवीच्या मधोमध अजून बर्फाचा गोळा असतो, पण बाहेरचं बोटभर मांस दुपारभर कोमट होऊन बसलेलं असतं. ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू सगळ्यात जोरात वाढतात. दोन तासांच्या वर मांस असं बाहेर राहू नये, आणि आपल्या उन्हाळ्यात तर एक तासच. खळखळून उकळलं की सगळं मरतं असं सासूबाई म्हणतात. जंतू मरतात, पण त्यांतल्या काहींनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. म्हणून पिशवी आदल्या रात्रीच खालच्या कप्प्यात काढून ठेवायची, खाली ताट ठेवून, म्हणजे सुटलेलं पाणी कोथिंबिरीवर ठिबकत नाही. घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्याच्या पातेल्यात बुडवायची आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. अर्धा किलोचं, दोन बोटं जाडीचं चपटं पाकीट असं तासाभरात सुटतं. त्यासाठीच मी खिमा पिशवीत भरून हाताने थापून पोळीसारखा चपटा करते. गोळा करून कोंबलेला खिमा सुटायला रात्रही पुरत नाही.

आता सत्त्व. प्रथिनं, लोह, कॅल्शियम गोठवल्याने कुठेही जात नाहीत. बर्फ सुटताना जे लालसर पाणी निघतं त्यात थोडी ब जीवनसत्त्वं उतरतात, एवढंच. ते पाणी ओतून न देता भांड्यात मटणाबरोबरच शिजवलं की तेही भरून निघतं.

तरी लोक म्हणतात की फ्रीजरचं मटण वातड लागतं. हे खोटं नाही आणि त्याला कारण आहे. बकरं कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि मग सावकाश सैल पडतात. आपण सकाळी सातला डोळ्यांसमोर कापून घेतलेलं, हाताला अजून गरम लागणारं मटण आठला फ्रीजरमध्ये टाकतो. थंडीने ते स्नायू भलतेच आकसतात, आणि मग कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या तरी तुकडा दाताखाली रबरासारखा येतो. ताजं म्हणून ज्याचं कौतुक, तेच इथे आडवं येतं. मी आता मटण आणलं की झाकून एक रात्र खालच्या कप्प्यात ठेवते आणि दुसऱ्या दिवशी पाकिटं करते. धुतलं असेल तर निथळून, कपड्याने कोरडं करून, पिशवीतली हवा दाबून काढून. हवा राहिली की तुकड्यांवर पांढुरके सुके डाग पडतात. त्याने अपाय होत नाही, पण तेवढा भाग कोरडाठाक लागतो.

कॅन्सरबद्दल बोलताना जबाबदारीने बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं, आणि लाल मांसाला ‘संभाव्य’ गटात. हे खरं आहे. पण प्रक्रिया म्हणजे खारवणं, धुरावणं, आंबवणं, टिकवण्याची रसायनं घालणं: सॉसेज, बेकन, सलामी. घरच्या मटणाचं पाकीट गोठवणं किंवा कालचा रस्सा गरम करणं त्यात येत नाही. लाल मांस रोज उठून खाऊ नये हा सल्ला मला मान्य आहे, आणि तो ताज्या मटणालाही तितकाच लागू आहे.

शिजवलेल्या मटणात भीती बाळगायचीच तर ती मोठ्या पातेल्याची बाळगा. सहा लिटरचा रस्सा झाकण ठेवून रात्रभर ओट्यावर निवत ठेवला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाच्या जंतूचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि याच कोमट रश्श्यात फोफावतात. जेवणावळीनंतर गावभर पोटं बिघडतात, त्यामागे पुष्कळदा हाच असतो. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा, ढवळत राहा, उथळ डब्यांमध्ये काढा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये सारा. खाताना लागेल तेवढाच डबा काढून चांगली उकळी आणायची, एकदाच. मी तर रस्सा ठेवतच नाही, अळणी ठेवते. हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलेलं मटण पाण्यासकट, आणि कांदा-खोबऱ्याचं काळं वाटण वेगळ्या डबीत. बुधवारी रस्सा, शुक्रवारी सुकं, लहानग्यांना अळणीचं सूप. बटाटा मात्र गोठवू नका, भुसभुशीत होतो.

आज्यांचं वाक्य वाचून मला सर्वांत जास्त लागलं. माझं माहेर निफाडकडचं. आमच्याकडे आठ-दहा घरं मिळून बोकड घ्यायची आणि वाटे पाडायची. प्रत्येक वाट्यात थोडी मांडी, थोडी चाप, थोडी कलेजी, कुणावर अन्याय नको. म्हणजे एकदम घेणं आपल्याकडे जुनंच आहे. आणि ठेवणं? पावसाळ्यासाठी सुकट-बोंबील डब्यात असायचेच. ज्या वस्त्यांना रोजचं मांस कधी परवडलं नाही, त्यांनी मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या करून ठेवल्या आणि अडीअडचणीला पोरं जगवली. त्या बायांना साठवणीचं ज्ञान होतं. त्यांच्या नावाने आजच्या बाईला कंटाळखोर म्हणू नये. सहाला शिफ्टवरून येऊन सातला पोरांच्या ताटात गरम रस्सा वाढणारी माझी जाऊ कंटाळखोर नाही.

एका बाबतीत सावध राहायला हवं, जरी मेसेजमध्ये ते नसलं तरी. एका दाराच्या फ्रीजमधला वरचा बर्फाचा खण पुष्कळदा उणे १८ ला पोचतच नाही. त्यात आइस्क्रीम मऊ राहत असेल तर तिथे मटण महिनाभर ठेवायच्या भानगडीत पडू नका, आठवड्यात संपवा. दुसरं म्हणजे वीज. गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडता साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. लाइट गेली की लेकरांना दार उघडू देऊ नका. आपण गावाला गेलो आणि मागे काय झालं हे कळायला एक वाटी पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवायचं. नाणं तळाला गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, तेव्हा टाकून द्यायचं, आणि तेव्हा टाकण्याची हळहळही करायची नाही.

काल संध्याकाळी जावेच्या फ्रीजरमध्ये आम्ही दोघींनी तशी वाटी ठेवली. या बुधवारी ती पुन्हा दीड किलो आणणार आहे.